उलाळ झालेली गाडी

नेरजवळच्या तांड्यावरच्या फुलसिंगभाऊंची जुनी पिकअप लग्नाआधीपासूनची. त्यांची बायको रामीबाई तिला सवत म्हणते, आणि मला तरी ते पटतं. बंद पडलेल्या मोटारी ट्रेलरवर चढवून यवतमाळच्या गॅरेजात पोचवणं हा भाऊंचा धंदा. हूक, साखळी, पट्टे, मागचे दिवे सगळं तपासून ते इतक्या हळू निघतात, की सायकलवाले पुढे जाऊन, चहा पिऊन त्यांना पुन्हा भेटतात.

परवा तांड्यावर आलेल्या जावयाचीच मोटार बंद पडली. जावईबापूंना ट्रेलरवर आपल्याच मोटारीत ऐटीत बसून जायचं होतं. "ट्रेलरवर माणूस बसत नाही," म्हणत भाऊंनी त्यांना पिकअपमध्ये कोंबलं.

डांबरी रस्त्याला लागताच ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डुलायला लागला. ब्रेक न मारता भाऊंनी गाडी हळूहळू थांबवली. "उलाळ झाली!" ते म्हणाले. बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की म्हणतात, तोच हा शब्द. मोटारीची डिक्की उघडली, तर आत रामीबाईनं लेकीसाठी गुपचूप भरलेली तूरडाळीची पोती!

ती घरी परत नेण्याची हिंमत भाऊंमध्ये नाही. त्यांनी पोती मोटारीच्या पुढच्या सीटवर बसवली आणि वरून बेल्ट लावला.

पिकअपला बेल्टच नाही. जावईबापू फुगले. "मामा, डाळीले बेल्ट, अन् मले?"

"तुम्ही पडले तं उठून बससान, जावईबापू," भाऊ गिअर टाकत म्हणाले. "डाळ सांडली तं मले घरात कोन घेते?"