पाठमोरे मास्तर

विद्यार्थी एकटा विमान उतरवायला लागला की मास्तर धावपट्टीकडे पाठ करून उभे राहायचे. खालापूरजवळच्या त्या छोट्या खासगी पट्टीवर नव्यानं येणाऱ्याला वाटायचं, म्हातारा रुसलाय. "डोळं फसवतात गं, आवाज नाय फसवत," असं ते सांगायचे. माझं स्पष्ट मत होतं की त्यांना बघवत नसे आणि ही सगळी मखलाशी होती.

मास्तर लोधिवलीच्या भातशेतीवाल्या घरातले, पण उमेदीची सारी वर्षं विमान शिकवण्यात घालवलेली. कर्जतचं औषधांचं दुकान सांभाळून मी शिकायला गेले, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. मास्तरांनी फक्त विमानाच्या दांड्यावरची माझी मूठ बघितली. "दाबून धरू नको. विमान हाय, म्हैस नाय."

त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, उतरताना आडव्या येणाऱ्या वाऱ्याची. आमची पट्टी दक्षिणोत्तर आणि घाटाकडून सुटणारा वारा तिला बरोबर आडवा. "पटलं नाय तर परत वर जायचं. जमीन कुठं पळून जाते?" हे वाक्य आम्ही त्यांच्याच आवाजात त्यांना म्हणून दाखवायचो.

खंडेनवमीला ते स्वतः पूजा करायचे. विमान, नट आवळायचे पाने, पेट्रोलचे कॅन, काही सुटायचं नाही. त्या वर्षी त्यांनी खांबावरच्या पिशवीलाही झेंडूचा भरगच्च हार बांधला. पिशवी म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी. वारा असला की ती फुगून आडवी होते. नारळ फुटला, प्रसाद वाटला आणि मी एकटी वर गेले.

परतताना पिशवी सरळ खाली लोंबताना दिसली. नारिंगी कापडावर नारिंगी फुलं, वरून दिसणार कशी? हाराच्या वजनानं पिशवी उठत नाहीये हे कळलंच नाही, वारा पडलाय समजून मी निर्धास्त खाली आले. जमीन हातभर उरली आणि विमान बाजूला सरकायला लागलं. मास्तर त्या दिवशी पाठमोरे नव्हते. मागच्या सागाची सळसळ त्यांना ऐकू आली होती आणि ते हात हलवत पट्टीकडे धावत होते. रेडिओवर त्यांचा आवाज फाटला, "वर जा! वर जा गं!" तोवर एक चाक टेकलं होतं. नाक गर्रकन वाऱ्याकडे वळलं, विमान बांध फोडून पिकल्या भातात घुसलं आणि एका पंखावर कलंडलं.

पेट्रोलचा वास येत होता आणि पट्टा सुटत नव्हता. आता भडका उडणार, एवढंच डोक्यात होतं. मास्तरांनी दार उपटलं, पट्टा सोडवला आणि मला ओढत लांब नेलं. माझं मनगट मोडलं होतं. "बोल पोरी, कायतरी बोल," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

चौकशीला अधिकारी आले तेव्हा आमच्यातल्या एकानं सुचवलं, हाराचं कशाला सांगायचं, बाई नवशिकी होती म्हणू. मास्तर भडकले. "तिच्या माथी मारू? हार मी बांधला. तसंच लिवा."

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी मला मुद्दाम वाऱ्याच्या दुपारी बोलावलं आणि शेजारी बसले, हात मांडीवर ठेवून. मी वाऱ्याकडचा पंख जरा खाली धरला, आधी एक चाक टेकवलं, मग दुसरं. विमान थांबलं.

"तुजी भीती गेली," ते म्हणाले. "माजी नाय गेली."

त्यानंतर ते पट्टीवर आले नाहीत. मी लोधिवलीला अनेकदा गेले. चहा व्हायचा, भाताच्या गप्पा व्हायच्या. विमानाचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे, आणि मी ओट्यावर एकटी रडत बसायचे.