रुख्माच्या मशीनचा मीटर

समजा, रस्त्याकडच्या खोलीत तुमची मोटर लावलेली शिलाई मशीन आहे आणि फक्त त्या कामाला किती वीज लागते ते तुम्हाला मोजायचं आहे. बाहेरच्या मीटरला तुमची मशीन, घरातला टीव्ही, पाण्याची मोटर सारं एकच. मग त्या खोलीकडे जाणारी तार मधेच तोडायची, तिथे छोटा मीटर बसवायचा आणि मशीन, इस्त्री, ट्यूबलाईट त्याच्याच पुढे जोडायची. आता मशीन चालवा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.

दवनीवाड्याच्या रुख्मानं हे केलं ते दिराच्या एका वाक्यामुळे. त्या दिराला, भोजराजला, तिच्या मशीनच्याच रस्त्याकडच्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. एका सकाळी तो म्हणाला, "वहिनी, तुमची मशीन घरची सारी लाईन खाऊन राहिली ना वो! मागच्या खोलीत न्या तिले."

मागच्या खोलीत धानाची पोती. खिडकी नाही, रस्ता नाही. तिथं ब्लाऊज शिवायला कोण बाई येणार?

"न मोजता कायले बोलता, भाऊजी?" रुख्मा म्हणाली.

सासू सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी निकाल दिला, "गावची मंडईची जत्रा होईपर्यंत महिनाभर मोजा. घरच्या लाईनच्या अर्ध्याच्या वर मशीन गेली, तर खोली भोजराजची. मंग रडाचं नाही कोणी."

देवानंद वायरमननं मीटर लावून दिला, आणि रुख्माला एक वेगळाच नाद लागला. मशीनचं पेडल पायानं दाबून ती दिव्याकडे बघायची. बाहीची एक लांब शिवण संपता संपता दिवा एकदा लुकलुके. गळ्याची पट्टी दोन लुकलुकांची. कार्तिकातलं ऊन दारातून आत सरकायचं, कापडावर पसरायचं, आणि तिला वाटायचं, ही वीज कुठल्या तरी दूरच्या डोंगरातून, रानावनातल्या तारांवरून चालत येते, आपल्या सुईपाशी क्षणभर टेकते, आणि धाग्यात शिरून कुणाच्या तरी अंगावर मंडईला निघून जाते. इस्त्री लावली की मात्र दिवा धापा टाकल्यासारखा भराभर लुकलुके. तरी ती प्रत्येक ब्लाऊज इस्त्री करून, गरम असतानाच बाईच्या हातात द्यायची. बाया तो गालाला लावून बघत. रुख्माच्या ब्लाऊजची ती ओळखच होती.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं. आपल्या गावच्या मंडईआधी रुख्मा दोन दिवस माहेरी, नवेगावबांध गावच्या मंडईला गेली. जाताना तिनं रोजच्यासारखा भिंतीवर पेन्सिलीनं मीटरचा आकडा लिहिला.

परत आली आणि आधी मीटरजवळ गेली. आकडा तीन युनिटनं पुढे.

मशीनवर तर तिनं टाकलेली चादर तशीच होती. रुख्मानं भिंतीवरचा आकडा पुन्हा ताडून पाहिला. मीटरच खोटा? मग इतके दिवस जे लिहिलं, तेही खोटं. खोली गेलीच म्हणायची.

तिनं देवानंदला बोलावलं. त्यानं खोलीतलं सारं बंद केलं. दोघं दिव्याकडे बघत राहिले. दिवा शांत.

"मीटर बरोबर आहे, वहिनी," देवानंद म्हणाला. "कोणीतरी चालवलं काहीतरी."

तेवढ्यात रुख्माची आठ वर्षांची टीना मोठ्यानं म्हणाली, "काकानं राजाचे कपडे प्रेस केले ना, आई! सैनिकायचेही!"

भोजराज यंदा गावच्या नाटकात राजा होता. दाराशी उभा होता, तो तिथूनच मागे सरकू लागला.

"थांबा, राजे," रुख्मा म्हणाली. "सारी फौज माह्या इस्त्रीवर काऊन?"

"आता सुरकुतलेल्या अंगरख्यानं राज्य कसं करू, वहिनी?"

सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

महिना भरला. बाहेरच्या मीटरवर साऱ्या घराचे अठ्ठ्याण्णव युनिट, त्यात छोट्या मीटरचे बावीस. अर्धा तर सोडा, पाव हिस्साही नाही. त्यातले तीन राजाचे वजा केले तर एकोणीसच.

"मंग बाकीची लाईन कोण खाऊन राहिला?" सासूनं भोजराजला विचारलं. तो पाणी तापवायचा रॉड घेऊन रोज तासभर बसे, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. "खोली रुख्माची. दुकान टाक बसथांब्यापाशी."

दुसऱ्या दिवशी देवानंद बायकोचा ब्लाऊज न्यायला आला, तेव्हा रुख्मा टीनाचा फ्रॉक शिवत होती. सासूचा पोलका बाजूला कापून ठेवलेला. रुख्मानं पाय थांबवला.

"देवानंदभाऊ, राजाचे तीन युनिट मी धंद्यातून वजा केले. पण हा पोरीचा फ्रॉक, हा सासूबाईंचा पोलका… मशीन तीच, हात तेच. हे धंद्यात धरू का घरात?"