चालीवर पाठ केलेलं इंग्रजी

मुलीला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याला बारावीत इंग्रजी पास लागतं. थोरल्या दिरांनी देवगाव रंगारीहून फोनवर बोलणं पक्कं केलं होतं. पास झाली तर शिकू द्या, नापास झाली तर पिशोरच्या स्थळाला होकार. तिचे वडील वाळूजला कंपनीत आहेत. भावापुढं ते बोलत नाहीत. मी तर कुणापुढंच बोलत नाही. मुलगीच म्हणाली, "चालंल. होईन मी पास."

तिचं सगळं अडायचं क्रियापदांच्या रूपांवर. आज करते, काल केलं, केलेलं आहे, अशी तीन-तीन रूपं. काही क्रियापदं सरळ असतात, पण रोजच्या वापरातली बरीच आडमुठी. त्यांना नियम नाही, पाठच करावी लागतात. गाइडात उच्चार मराठी अक्षरांत छापले होते, म्हणून चौथी शिकलेल्या मलाही वाचता यायचे. पोळ्या लाटताना मी ते पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि ती म्हणायची.

"चाल लाव," मी तिला सांगितलं. "आम्ही पाढे असेच पाठ केले."

तिनं पाढ्याची चाल लावली. बिगीन, बिगॅन, बिगन. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. खाली राइट, रोट, रिटनपर्यंत एका दमात, कुठंही न चुकता. पण मध्येच नळाला पाणी आलं किंवा कुणी हाक मारली, की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी सहज विचारलं, "स्पीकचं काय गं?"

तिनं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. "थांब ना आई, बिगीनपासून येऊ दे."

शेजारची भाभी आमच्या दारात लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "तेरी छोरी की गाडी इष्टँड सेच छुटती क्या गे? बीच में किधरच नै रुकती!"

आम्ही तिघी पोट धरून हसलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साता नव्वे किती विचारलं तर मीसुद्धा साता एकेपासूनच चढत जाते.

पेपरच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. बाकीच्या मुली बडबडत बाहेर आल्या. ही शेवटी आली.

"आई, सगळे शब्द मधलेच होते. प्रत्येकाला वरून म्हणत आले. निबंधाला वेळच उरला नाही."

"थोडाफार लिहिला असशील."

"नाय लिहिला."

रिक्षात ती बाहेर बघत बसली. निकाल फोनवर आला. बाकीचे सगळे विषय निघाले होते, इंग्रजी राहिलं. तिनं वडिलांना सांगितलं, जुलैला परत बसता येतं. त्यांनी भावाला फोन लावून दिला.

"परत-बिरत काय नाय," पलीकडून दीर म्हणाले. "शब्द दिलाय आपण."

पिशोरची माणसं सुपारी फोडायला आली. मी आतल्या खोलीत बायकांना चहा देत होते. होणारी सासू म्हणाली, "बरंच झालं म्हणायचं, विहीणबाई. नर्स झाली असती तर आमच्या रानात कोन आलं असतं? इंजेक्शनच देत बसली असती कापसाला!"

बायका हसल्या. मग ती माझ्याकडं वळली. "तुमचं काय म्हननं? का सगळं गडीमानसंच ठरवित्यात तुमच्यात?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. कधी नव्हे ते मला कुणीतरी विचारलं होतं. एवढी एक परीक्षा देऊ द्या, असं तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "साखर बरोबर आहे ना?"

माणसं गेल्यावर मुलगी साडीच्या पिना काढत होती. "जुलैचा फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. तिनं मागितलं काहीच नाही, नुसतं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुलमंडीवर बांगड्या भरायला गेलो. कासारानं तिचा हात दाबून दाबून हिरवा चुडा चढवला. "दुखलं तर सांग गं बाळा," तो म्हणाला. तिनं दुसरा हात पुढं केला.