कुठे बिघडलंय ते दाखवा

गल्लीच्या तोंडाशीच, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत, एक बाई कपडे शिवते. तिचं खरं नाव कागदोपत्री असेल. गल्ली तिला खडूवाली म्हणते. कारण सरळ आहे. शिवलेला कपडा बघून कुणी नाक मुरडलं, की ती वाद घालत नाही आणि तोंडही पाडत नाही. गिऱ्हाइकाला तो कपडा घालायला लावते, आरशासमोर उभं करते, कापडावर खुणा करायचा निळा खडू हातात देते आणि म्हणते, "कुठे बिघडलंय, तिथे रेघ मारा."

आता गंमत बघा. ज्याला खरोखर कुठे काचत असतं, तो लगेच रेघ मारतो आणि ती खुशीने तेवढंच उसवून नीट करून देते. ज्याला नुसतंच बोलायचं असतं, तो आरशासमोर दोन गिरक्या घेतो, "तसं खास काही नाही हो, पण एकूणातच..." असं पुटपुटतो आणि खडू खाली ठेवतो. आता या एकूणातचं ती काय उसवणार, कपाळ?

ही अक्कल तिला सहजासहजी आलेली नाही. तरुणपणी ती ज्या मास्तरांकडे शिवण शिकायला गेली, त्यांनी तिचा पहिला फ्रॉक दोन बोटांत धरला आणि "तुझ्या हातात कला नाही, पोरी" एवढंच सांगितलं. ते शब्द असे जिव्हारी लागले, की दोन वर्षं तिने सुई हातात घेतली नाही. मग चुलत बहिणीने हट्टाने तिच्याकडून एक झगा शिवून घेतला. घालून बघितला आणि म्हणाली, "ताई, काखेत काचतंय बघ. तेवढं सैल कर, मग हा मी अंगावरून काढणारच नाही." अर्ध्या इंचाचं काम होतं. त्यानंतर तीस वर्षं झाली, तिचं मशीन थांबलेलं नाही.

यंदा तिचा नवरा निवृत्त झाला. जन्मभर बस चालवलेला माणूस, घरात बसून करणार काय? पायांना पेडलची सवय होती म्हणून असेल, त्याचा डोळा बायकोच्या मशीनवर गेला. दुपारी ती दोरे, बटणं आणायला बाहेर पडली, की हा मशीनवर बसे. तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी, खोलीत गिऱ्हाइकं असताना, तो स्वतः शिवलेला शर्ट घालून ऐटीत बाहेर आला. इतका खूश तो लग्नाच्या दिवशीही नव्हता.

"अहो, हा शर्ट आहे की उशीचा अभ्रा?" ती बोलून गेली.

समोरच्या बँकेतल्या बाई खो खो हसल्या. त्यांच्यासोबतच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. तोही हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. आत जाऊन त्याने शर्टाची घडी घातली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीत पेपर घेऊन बसू लागला. ती मुद्दाम दोन-दोन तास बाहेर राहून आली, पण मशीनवरचं झाकण जसंच्या तसं. पाचव्या दिवशीही तेच बघितलं. आपली ती दोन वर्षं तिला आठवली. जगाच्या हातात खडू देणारी मी, घरच्या माणसाला मात्र नुसती हसले. तिला स्वतःची फार लाज वाटली.

"अहो, तो शर्ट घाला बघू."

"कशाला? अजून कुणी हसायचं राहिलंय?"

"चुकलंच माझं. चारचौघांत तसं बोलायला नको होतं. घाला, मला नीट बघू दे."

तो कुरकुरत उभा राहिला. तिने त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डाव्या खांद्यावर एक रेघ ओढली. "हा खांदा खाली उतरलाय." दुसरी बाहीच्या जोडावर. "इथे अर्धा इंच कमी कापलंय, म्हणून हात वर जात नाही." मग ती खाली वाकली आणि तशीच थांबली. "ही काजं कुणी केली?"

"मीच. का, तीही बिघडली?"

"माझ्यापेक्षा सुबक आहेत."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"शिवणाच्या बाबतीत मी कधी कुणाची खोटी स्तुती केलीय?"

केली नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने मान खाली घालून एकेक काज निरखलं. "पहिलं नऊ वेळा उसवलं," तो हळूच म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"द्या इकडे, दहा मिनिटांत करून देते," ती म्हणाली.

"हात लावू नकोस! कुठे चुकलं ते दाखवलंस ना? बास. आता माझं मी बघतो." आणि झाकण बाजूला सारून तो मशीनवर बसला.

संध्याकाळी बँकेतल्या बाई आपला स्कर्ट न्यायला आल्या. तो अजून नुसता कापून ठेवलेला होता.

"अहो, आजचं कबूल केलं होतंत ना?"

"केलं होतं खरं," खडूवाली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "पण काय करू, दुपारपासून मशीनच रिकामं होत नाहीये."