हाय की न्हाई

मारुतीअण्णा गेल्याचं त्यांच्या मुलीनं हळ्ळीखेडहून फोनवर कळवलं. मी पहिल्यांदा विचारलं, "नक्की?" दुखणं मला ठाऊक होतं, तरी विचारलं. माझा स्वभावच तसा आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बीदरच्या एका कॉलेजात मी कंप्यूटर ऑपरेटर होते आणि अण्णा तंत्रज्ञ. त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. आमचं यंत्र दुसऱ्या कॉलेजातून आलेलं, जुन्या प्रोसेसरचं. त्याचे कागद कुणाकडेच नव्हते. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली, तेव्हा तिचा गाभा, म्हणजे कर्नल, या जुन्या यंत्राला बसेल असा बांधून घ्यावा लागला. पडदा एकेक प्रश्न विचारायचा, अमुक भाग आहे का? मी तो मोठ्यानं वाचायची. काचेपलीकडे यंत्राचं झाकण काढून बसलेले अण्णा बघून ओरडायचे आणि मी हो किंवा नाही दाबायची. कूलर घरघरत होता. "दशांशाच्या गणिताची वेगळी चिप हाय का, अण्णा?" उत्तर आलं. मी 'हो' दाबलं.

यंत्र सुरू झालं, पण निकालाची टक्केवारी काढायला घेतली की बंद पडायचं. विभागप्रमुखांनी झाकण उघडलं. चिपची जागा रिकामी! कर्नलच्या यादीत मात्र चिप आहे असं लिहिलेलं. "कंप्यूटर सुळ्ळु हेळल्ल," ते म्हणाले. कंप्यूटर खोटं बोलत नाही. मग चिप काढली कुणी? आधी झाकण उघडलं होतं ते अण्णांनीच... खरं सांगते, मलाही तेच वाटलं. ते घरी निघाले की मी त्यांच्या पिशवीकडे बघायची. त्यांना काढून टाकायचं पत्र टाइप होत होतं.

चौथ्या दिवशी शिपायानं दारातून विचारलं, "सर हायत का?" अण्णा आतून म्हणाले, "न्हाईत." कूलरच्या आवाजात मला ऐकू आलं, "हायत." मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. खुर्ची रिकामी. मी तिथंच थांबले...

सर आल्यावर सांगितलं, "चूक माझी. मी उलटं ऐकलं." त्यांनी ते लिहून मागितलं, दिलं. 'नाही' दाबून कर्नल पुन्हा बांधला आणि संध्याकाळपर्यंत टक्केवारी निघाली. पत्र फाडलं गेलं.

"अण्णा, मी उलटं दाबलंय हे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला कामून न्हाईत?"

"यादी पहिल्याच दिवशी बघितलो की, अक्का. माझं कोण ऐकतंय? तुमी सांगतेत का दाबून ठेवतेत, ते बघायलो होतो."

मी पिशवी बघत होते आणि ते माझं तोंड!

पुढं आम्ही कितीतरी वर्षं एकत्र काम केलं. कर्नल बांधायचा असला की ते प्रत्येक उत्तर कागदावर लिहायचे, खाली स्वतःची सही करायचे आणि कागद माझ्यापुढं सरकवायचे. ते सगळे कागद आजही माझ्या कपाटात आहेत. एकदा चिडून विचारलं, "अजून विश्वास न्हाई का माझ्यावर?"

"हाय की," अण्णा पेन पुढं करत म्हणाले. "करा सही."