आप्पांची सुरगाठ

रामनगरात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या भिकाजीआप्पांचा कायदा एकच : गाठ मारायची ती सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. न सुटणारी निरगाठ दिसली की म्हातारा भर रस्त्यात ड्रायव्हरचा उद्धार करायचा, आणि मग त्यालाच चहा पाजायचा. गोव्याकडे जाणाऱ्या निम्म्या ट्रकवाल्यांनी त्यांच्या शिव्या आणि चहा दोन्ही पचवले होते.

तरुणपणी आप्पा इंग्रजांच्या फौजेत, इजिप्तच्या वाळवंटात होते. शौर्याची गोष्ट सांगा म्हटलं तर सांगत, आम्ही रणगाड्यांच्या लॉऱ्या करत होतो. शत्रूच्या विमानाला वरून लॉरी दिसावी म्हणून रणगाड्यावर कापडाची खोळ चढवायची, आणि ती आप्पा शिवायचे. गाव पोट धरून हसायचं. रणगाड्याला झबलं शिवणारा हा पहिलाच शूर! त्यांना ‘झबलं सुभेदार’ ही पदवी मिळाली, आणि गावानं दिलेली पदवी सरणापर्यंत सोबत येते.

हसणाऱ्यांत त्यांचा मुलगा परशूही होता.

पंच्याण्णवी ओलांडल्यावर आप्पांची नजर गेली, मग पायही गेले. पडल्या पडल्या पुटपुटू लागले, “खोळ सुटंना. पोरं आत हाईत.” सून गिरजानं दृष्ट काढली, डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पुटपुटणं दोघांनाही जुमानलं नाही.

धारवाडला शिकणारी नात रक्षिता सुट्टीला आली आणि तिनं मोबाइलवर एक जुना फोटो शोधून काढला. वाळूत उभी लॉरी. शेजारी तशीच दुसरी, मधोमध उघडलेली, आणि आतून डोकावणारी तोफ. परशू बराच वेळ बघत राहिला. मग दुकान बंद करून फणसाचं लाकूड आणि कापड घेऊन, खेळण्याएवढा तसाच खोळीतला रणगाडा करायला बसला.

चाकं फोटोवरून मोजून घेतली. रंगावरून तर बापलेकीचं भांडणच झालं, कारण वाळवंटी रणगाड्याच्या रंगावर जाणकारांचंच एकमत नव्हतं. आंधळ्याला रंग कशाला, असं गिरजा म्हणाली.

“ह्यात खोटं काय नको,” परशू म्हणाला. “एकदा खोटं ठरवलंय त्यास्नी.”

रणगाडा आप्पांच्या हाती दिला. बोटं चाकांवरून फिरली, खोळीवर चढली. “व्हय. हीच.” तोंडावर हसू आलं. मग बोटं मधल्या शिवणीवर थांबली. खोळ नीट बसावी म्हणून परशूनं ती घट्ट शिवून टोकाला निरगाठ मारली होती.

“परशा, हे मधी सुटत न्हाई.”

“बंद गाडी फोटोत अशीच दिसती, आप्पा.”

“फोटोत आत कोण बसलंय?”

मग आप्पांनीच सांगितलं, जन्मात कुणाला न सांगितलेलं. वाऱ्यानं खोळ सारखी उडायची, म्हणून एका गाडीला त्यांनी निरगाठ मारली होती. गाडीवर गोळा पडला, आग लागली. बाहेरून ओढली, न्हाई सुटली. पोरं आतच राहिली.

गिरजानं पदर तोंडाला लावला. परशूनं तिथंच बसून शिवण उसवली, दोरी ओवली, सुरगाठ मारली आणि टोक आप्पांच्या बोटांत दिलं. आप्पांनी ओढलं. खोळ दोन्हीकडे गळून पडली. बोटं चाचपडत तोफेपाशी गेली.

“कोण हाय का आत?”

“कोण न्हाई, आप्पा. सगळी बाहेर पडली.”

रंगाच्या एका छटेसाठी पोरीशी भांडलेल्या परशूनं सगळ्या कामात खोटं केलं ते एवढंच. आप्पा दोरी मुठीत धरून पडून राहिले.

त्याच आठवड्यात ते गेले. सुटला म्हातारा, असं सगळं रामनगर म्हणालं. अंगणात तिरडी बांधताना जाणत्यांनी परशूला बजावलं, ओढ्यापर्यंतची वाट खाचखळग्यांची, गाठी पक्क्या मार.

परशूनं मान हलवली, आणि एकूण एक सुरगाठी मारल्या.