लाडूचं हवापाणी

अकोल्याच्या उन्हाळ्याला नावं सगळेच ठेवतात, पण त्याच्यावर तासातासाला पाळत ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. वय त्र्याहत्तर, चाळीस वर्षं दिवाणी वकिली, आणि सापाची भीती अशी की शेताच्या वादात जागेची पाहणी निघाली तरी हे रस्त्यावरूनच "इथून सगळं दिसते" म्हणायचे. अशा माणसाच्या घरी, त्यांच्या एकुलत्या मुलीने बंगळूरला नोकरीसाठी जाताना काचेची एक पेटी आणून ठेवली. पेटीत आफ्रिकेतला एक बिनविषारी अजगर होता, दोन-अडीच हात लांब, घाबरला की अंगाचा गोळा करणारा, म्हणून त्याचं नाव लाडू. मामाजींनी आधी त्याच्या नोंदणीचे कागद मागितले, उभ्याउभ्या मागूनपुढून वाचले, आणि म्हणाले, "कागद बरोबर हायेत. राहू दे." मुलीने दोन महिन्यांची मुदत मागितली होती. त्याला आता तीन वर्षं झाली.

जाताना तिने बापाला एवढंच सांगितलं होतं की पेटीचं एक टोक बत्तीस अंशांवर ठेवायचं, दुसरं सव्वीसवर, म्हणजे लाडू हवं तिकडे सरकतो. आणि हवेत ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास. कोणीही एक यंत्र लावून मोकळा झाला असता. मामाजींनी ओलावा मोजणारी पाच यंत्रं आणली, आणि पाचही वेगवेगळे आकडे दाखवायला लागली. "पाच साक्षीदार, पाच जबान्या," असं म्हणून त्यांनी उलटतपासणी सुरू केली. कुठूनसं त्यांना कळलं होतं की ओल्या मिठासोबत बंद बरणीत ठेवलं की खरं यंत्र पंचाहत्तर दाखवतं. त्यासाठी मामींची लोणच्याची बरणी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी एकच यंत्र पंचाहत्तरवर होतं, बाकी चार साक्षीदार खोटे ठरून कपाटात गेले. मामी मला हळूच म्हणाल्या, "माह्या गुडघ्याले ऊन पायजे का थंड, हे या माणसानं कधी विचारलं नाई." मी अमरावतीहून गेले की मामाजी मला पाणी देण्याआधी विचारायचे, "सूनबाई, अमरावतीले हवा कोरडी का दमट?" मला कधी सांगता आलं नाही. खरं तर त्यांच्यामुळेच मी निघण्याआधी गच्चीत जाऊन हवा कशी आहे ते बघायला लागले.

गेल्या मे महिन्यात मी चार दिवस त्यांच्याकडे होते. बाहेर पंचेचाळीस. कूलर लावला की पेटीतला ओलावा ऐंशीवर जायचा, बंद केला की खोली तापून तो पंचविसावर यायचा. मामाजी दिवसभर कूलरच्या बटणापाशी खुर्ची टाकून बसलेले. त्यातच लाडूची कात निघायची वेळ आली. त्याचे डोळे दुधाळ निळे झाले, आणि कोरड्या हवेमुळे कात सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी सुटली. उजव्या डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला. मुलीने फोनवर बजावलं की ओढायचं नाही, डोळा जाईल. अंगाला ओलावा द्या, आपोआप सुटेल. आणि त्याच दुपारी कोपऱ्यावरचं रोहित्र जळालं. वीज संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. तासाभरात पेटीतलं तापमान छत्तीस अंशांवर गेलं. लाडू तोंड थोडं उघडं ठेवून काचेला टेकला होता.

मामाजी उठले. मागच्या अंगणात काठ फुटलेला एक माठ पडला होता, तो त्यांनी धुऊन आणला, आडवा ठेवला, पायपुसण्याचा काथ्या उसवून, भिजवून, पिळून आत पसरला. माठाभोवती ओलं धोतर गुंडाळलं. आता लाडूला उचलून त्यात ठेवायचं राहिलं होतं. तीन वर्षांत त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. साफसफाई, खाणंपिणं सगळं मुलीचा एक मित्र येऊन करायचा, आणि तो नेमका धारणीला गेला होता. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलं मागे सरकले. ते म्हणाले, "तू कावून भेतं? हात तं मले घालायचा हाय." मग त्यांनी डोळे मिटून हात आत घातले. लाडू त्यांच्या मनगटाला विळखा घालून थांबला. बराच वेळ दोघंही हलले नाहीत. मामींनी पदराखाली हात जोडलेले मी पाहिले. शेवटी लाडू आपणहून माठात उतरला, आणि वीज येईपर्यंत मामाजी त्या धोतरावर पाणी शिंपडत, पुठ्ठ्याने वारा घालत बसून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी तो पापुद्रा काथ्यात पडलेला सापडला, पारदर्शक, मसुरीच्या डाळीएवढा. मामाजींनी तो तळहातावर घेऊन चष्मा वर करून खूप वेळ पाहिला.

मुलगी लाडूला न्यायला येणार नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. तिच्या इमारतीत चालत नाही. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा मामाजी थोडे वाळलेले वाटले. चहा झाल्यावर मला पेटीपाशी घेऊन गेले. "हा तीस वर्षं जगते म्हणे," ते काचेकडे पाहत म्हणाले. "हिशेब मीबी करून पायला. माह्या मागं याले कोण पाहीन?" मग माझ्याकडे वळले. "तुह्यावर जबरदस्ती नाई. पण एकदा धरून तं पाय." त्यांनी पेटीचं झाकण सरकवलं, लाडूला दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या हातांवर सोडलं. मला वाटलं होतं तो थंडगार आणि ओलसर असेल. तो कोरडा होता, मऊ होता, आणि त्यांच्या हातांची ऊब अजून त्याच्या अंगात होती.